ओसरी की ओवरी?

आम्ही भुईगावच्या बायका बोलतोय. वसईच्या किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, आत केळी-नारळाच्या वाड्या आहेत, अधूनमधून एखादं बावखल आहे, तेच आमचं गाव. आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत. काही ख्रिस्ती, काही हिंदू. रविवारी सकाळची मिसा, घरची जेवणं, भांडीकुंडी आटोपली की दुपारी आम्ही बसतो. हप्ते गोळा होतात, वही लिहून होते, चहा होतो. मग कुणीतरी पेपरची रविवारची पुरवणी काढते आणि आम्ही शब्दकोडं सोडवतो. त्या अर्ध्या तासात घरच्यांचा फोन आला तरी आम्ही उचलत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

आज बोलायचं आहे ते एका शब्दाबद्दल. शब्द तीन अक्षरी आहे. पण तो शोधता शोधता आम्ही सोपाऱ्याला गेलो, नाशिकच्या डोंगरावर चढलो, पंढरपूरला पोचलो आणि शेवटी आपल्याच घराच्या उताऱ्यापाशी येऊन थांबलो. म्हणून सगळं सांगावंसं वाटलं.

आधी कोड्याचं सांगतो. शब्दकोडं काही फार जुनं नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन नावाच्या माणसाने पहिलं छापलं. नाताळच्या आधीच्या रविवारी पुरवणीत काहीतरी नवं हवं, एवढीच गरज होती. हा विन मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. आपल्याकडे हे कोडं आलं आणि काही काळ त्याचा पार जुगार झाला. प्रवेश फी भरा, कोडं पाठवा, हजारो रुपये मिळवा. आमच्यातल्या एकीच्या आजोबांना हा नाद होता. घरात भात संपला तरी कोड्याची फी जायची, असं तिची आजी सांगायची. शेवटी १९५५ साली सरकारने कायदाच केला, की महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा मोठं बक्षीस ठेवायचं नाही. मुंबई राज्याचा अशा स्पर्धांवरचा कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कोर्टाने १९५७ साली सांगितलं, की जुगार हा काही संरक्षण द्यावा असा धंदा नव्हे. आमचं कोडं मात्र बिनपैशाचं. जिंकलं तर चहा दुसरीने करायचा, एवढंच.

मराठी कोड्याची एक गंमत आहे. इंग्रजीत एका चौकटीत एक सुटं अक्षर. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं त्या अक्षरासकट एकाच चौकटीत बसतं. म्हणजे धर्मशाळा हा शब्द चार चौकटींचा, ध, र्म, शा, ळा. आडवा शब्द आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे नुसता ‘र’ जुळून चालत नाही, ‘री’ असेल तर ‘री’च हवी. त्यामुळे चूक झाली तर लगेच पकडली जाते.

तर त्या रविवारी आडव्या शब्दाचा धागा होता: मुक्कामाला आलेल्यांची झोपण्याची जागा, तीन अक्षरी. शेवटचं अक्षर आम्हाला आधीच मिळालं होतं, कारण ‘चाल, प्रथा’ म्हणजे रीत, हे उभं लिहून झालं होतं. म्हणजे शब्दाच्या शेवटी ‘री’.

एक वहिनी म्हणाली, पथारी. दुसरी म्हणाली, अगं पथारी ही अंथरायची वस्तू, जागा कुठे झाली ती? तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आमची एक काकी म्हणाली, “ओसरी. लिहा ओसरी.” तिचा आवाज इतका ठाम होता की आम्ही पेनानेच लिहून टाकलं. पेन्सिल वापरायला हवी होती. कारण पुढच्याच मिनिटाला उभा शब्द आला, ‘पाट्याचा सोबती, चार अक्षरी’. तो तर वरवंटा! आणि वरवंट्याचा ‘व’ येऊन पडला नेमका ओसरीच्या ‘स’वर. पहिलं ‘ओ’, मधलं ‘व’, शेवटचं ‘री’. ओवरी.

आमच्यातल्या निम्म्या जणींनी हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. ज्या वारीला किंवा जेजुरीला जाऊन आल्या होत्या त्यांनी सांगितलं, की देवळाच्या आवाराला आतून लागून ज्या छोट्या छोट्या खोल्या किंवा कमानींचे गाळे असतात ना, त्या ओवऱ्या. जेजुरीच्या गडावर खंडोबाच्या देवळाभोवती त्रेसष्ट ओवऱ्या आहेत. आलेला भाविक तिथे गाठोडं ठेवतो, भाकरी सोडतो, आडवा होतो. आमच्याकडे निर्मळची कार्तिकातली जत्रा असते. पूर्वी लांबून येणारे लोक रात्री कुठे पडायचे, हे तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या आजीला विचारलं. ती म्हणाली, “जिथे छप्पर दिसेल तिथे. आमच्या ओट्यावर तर ओळीने.”

काकी काही बोलली नाही. तिने ओसरीवर काट मारलेली बघितली आणि चहाचे कप उचलून आत गेली. त्याचं कारण आम्हाला नंतर कळलं. ते पुढे येईलच.

आमच्यातल्या एकीची मुलगी इतिहास घेऊन बीए करते. तिला आम्ही म्हटलं, बघ गं हा शब्द कुठला ते. तिने दोन आठवड्यांनी जे आणलं ते ऐकून आम्ही हप्त्याची वही मिटून ठेवली.

सोपारा आपल्या शेजारी. नालासोपारा म्हटलं की आज डोळ्यांपुढे येते ती गाडीची गर्दी. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठं बंदर होतं, शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बुरूड राजाचा कोट म्हणतात तो ढिगारा खणला, तर आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडा, त्यात सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे तुकडे. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. आणि दुसरा तुकडा कुठे मिळाला असेल? १९५६ साली, आपल्या भुईगावात! आम्ही इथे जन्मलो, इथे लग्न होऊन आलो, आणि आम्हाला हे माहीत नव्हतं. आता तो दगड मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

हाच अशोक दिल्लीतल्या एका स्तंभावर लिहून ठेवतो, की मी रस्त्यांच्या कडेने वडाची झाडं लावली, आमराया केल्या, विहिरी खणल्या, वाटसरूंसाठी विसाव्याच्या जागा बांधल्या. म्हणजे राजाने काय काय केलं याच्या यादीत, वाटेवरच्या माणसाला पाणी आणि पाठ टेकायला जागा, ही गोष्ट तेव्हापासून आहे.

आता नाशिक. तिथे त्रिरश्मी डोंगरात लेणी आहेत, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. त्यांतल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचे लेख कोरलेले आहेत. हा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. काळ साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. तो आपल्या दानांची यादी देतो. त्यात तो सांगतो, की भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे आजचं मध्य प्रदेशातलं मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि शोर्पारग या चार गावी मी मुक्कामाची घरं बांधली. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा. त्या घरांना शब्द वापरलाय ‘चतुःशाला’, म्हणजे मधे अंगण आणि चारी बाजूंना सोपे. आपण चौसोपी म्हणतो तेच की. म्हणजे भुईगावहून चालत जाता येईल अशा अंतरावर, एकोणीसशे वर्षांपूर्वी, परगावच्या माणसाला रात्र काढायला चौसोपी घर होतं.

तो पुढे लिहितो, की तापी, दमण, दाहनुका अशा नद्यांवर मी फुकट होड्या ठेवल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची. आणि नद्यांच्या दोन्ही काठांना विसाव्याच्या जागा आणि पाणपोया. नारळाची बत्तीस हजार झाडं दिल्याचाही उल्लेख आहे. तो ऐकताना आमच्या वाडीवाल्या वहिनींनी एकमेकींकडे बघितलं. बत्तीस झाडांना पाणी घालताना जीव जातो!

पण आम्हाला सगळ्यात आवडला तो त्याचा हिशेब. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे. दोन हजार एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. आमच्या खजिनदारीणबाईंनी लगेच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस. वर्षाचं दोनशे चाळीस. लेखात लिहिलंय, की पावसाळा लेण्यात काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा द्यायचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोब्बर! बँक नव्हती, पासबुक नव्हतं, पण विणकरांचा संघ होता आणि त्याच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास होता. आपला गट आणि तो संघ, नातं लागतं की नाही बघा. आमच्या गटात शेकडा दोन घेतात, ते कमी करा, असा ठराव एकीने तिथल्या तिथे मांडला. तो अजून चर्चेत आहे.

आता मूळ शब्द. त्याच लेण्याच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन खोल्या आहेत. त्यांच्या दारांवर वेगळा लेख आहे, अगदी लहान. त्यात उषवदाताच्या बायकोचं नाव आहे, दक्षमित्रा. नहपानाची मुलगी. ती सांगते, की ही खोली माझं दान. आणि त्या खोलीला शब्द वापरलाय ‘ओवरक’. संस्कृतात अपवरक, प्राकृतात ओवरक, आणि मराठीत ओवरी.

मैत्रिणींनो, नवऱ्याचा लेख लांबलचक. गावं, नद्या, गाई, नारळ, व्याज. बायकोचा एवढासा. पण पेपरातल्या कोड्यात जो शब्द येऊन बसला तो तिच्या दारावरचा.

दिवाळीनंतर आम्ही काही जणी एसटीने नाशिकला जाऊन आलो. डोंगर चढताना दोघींचे गुडघे बोलायला लागले, तरी गेलो. त्या खोल्या म्हणजे दगडात कोरलेलं काळोखं घर. अशा लेण्यांतल्या खोल्यांत दगडाचाच ओटा ठेवलेला असतो. त्यावर भिक्षू झोपायचा. आपल्याला जवळ कान्हेरी आहे, बोरिवलीला. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, झोपायचे ओटे आहेत. तिथल्या लेखांत सोपाऱ्याच्या दात्यांचीही नोंद आहे. बायकांची नावंही आहेत दान देणाऱ्यांत. नाशिकहून परत येताना एसटीत एकीने विचारलं, “दक्षमित्रेने खोली दिली, पण ती स्वतः तिथे कधी झोपली असेल का गं?” नसणारच. ते भिक्षूंचं विहार. बाईने झोपायची जागा करून द्यायची आणि तिथे झोपायचं दुसऱ्याने, हे काही आपल्याला नवीन नाही.

मग आम्ही घराघरातलं मोजायला लागलो. पूर्वी कोण कुठे झोपायचं? आमच्या आजी सांगत गेल्या. पुरुष माणसं ओट्यावर, पडवीत, ओसरीवर. वारा तिथे. पाहुणा आला तर तोही तिथे. म्हाताऱ्यांना बाज किंवा खाट. बायका माजघरात, मुलं कुशीत, आणि नवी सून चुलीजवळ, कारण पहाटे उठून तिलाच चूल पेटवायची. बाळंतिणीला अंधारी खोली. बाहेरची बसली की काही घरांत गोणपाट आणि कोपरा. माळ्यावर कांदे, चिंच, सुकी मासळी. म्हणजे घरातल्या सामानाची जागा ठरलेली. “आणि आजी, तुमची अशी जागा कुठली?” असं विचारलं तर ती हसली. “माझी जागा म्हणजे जिथे शेवटी पसरायला मिळेल ती. सगळे झोपले की उरेल तेवढी.”

वाटेवरच्या बाईचं तर त्याहून कठीण. आपल्या विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. तेव्हापासून भाजी, फुलं, केळी घेऊन किती जणी गेल्या असतील! आमच्या सासवा दादरला टोपल्या घेऊन जायच्या. शेवटची गाडी चुकली तर? टोपली उशाला, पदर तोंडावर, आणि फलाटावर बायका बायका गोल करून बसायच्या. झोपायच्या नाहीत. एक झोपली तर दुसरी जागी.

मुंबईत पुरुषांनी आपापली सोय केली होती. गिरणीत पाळ्या असल्यामुळे चाळीतली एकच खोली पाळीने वापरायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रात्रपाळीवाला पडायचा. कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे धोबी तलावाकडे, माझगावला ‘कुड’ होते, प्रत्येक गावाचा वेगळा. भिंतीला पेट्या, जमिनीवर अंथरूण, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. जहाजावर नोकरी लागेपर्यंत माणूस तिथे राहायचा. पण बाईला त्यात जागा नव्हती. या सगळ्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका मात्र होत्या, आणि त्या झोपायच्या आपल्या चुलीच्या शेजारी. त्यांनाच एकत्र करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ती गोष्ट मोठी आहे. तिच्यावर एकदा वेगळं बोलू.

धर्मशाळा म्हटलं की अहिल्याबाई होळकरांचं नाव येतंच. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात गेला १७५४ साली. पुढे १७६७ ते १७९५ त्यांनी माळव्याचा कारभार बघितला. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा. आपल्या मुलखाबाहेरच्या माणसांसाठी इतका पैसा घालणारी राज्यकर्ती विरळा.

पण धर्मशाळा सगळ्यांना उघडी होती, असं समजू नका. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी लाखो लोक जायचे. त्यात ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना रात्री कुणी छपराखाली घेत नसे. चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत पडायचे ते. गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि लोकांकडून जमवलेल्या पैशांतून नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणीही धर्मशाळा. स्वतःसाठी त्यांनी घर बांधलं नाही. पंढरपूरची ती वास्तू त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली, आणि तिथे मुलांचं वसतिगृह झालं. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. ज्यांच्या घरात आजारपण आलंय त्यांना विचारा, औषधाच्या खालोखाल पहिला प्रश्न कुठला असतो. रात्री राहायचं कुठे, हाच.

आणि विधवांचं काय? १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने विहीर जवळ करू नये, इथे यावं, बाळंत व्हावं, जावं किंवा मूल ठेवून जावं. अशाच एका बाईचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे नुसती शाळा नव्हती, राहायची सोय होती. केशवपन झालेल्या मुलीला दिवसा शिकवून संध्याकाळी त्याच घरी परत पाठवलं तर शिकणार ती काय? गोदूबाई नावाची एक बालविधवा तिथे अगदी सुरुवातीला आली. तिचंच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, १८९३ साली, आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम आपल्याला माहीत असतो. पण त्याच्या आधी शारदा सदनातलं एका मुलीचं अंथरूण आहे, ते विसरून चालायचं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यामागेही हाच विचार. खेड्यातल्या पोराला शाळेत नाव घालायला कुणी मना केलं नाही, तरी शहरात रात्री तो टेकणार कुठे?

हे सगळं बीएवाली वाचून दाखवत होती, तेव्हा काकी परत त्याच कोपऱ्यात होती. वाचन थांबलं आणि ती म्हणाली, “माझं उत्तर चुकलं नव्हतं.”

मग तिने सांगितलं. तिच्या परवानगीनेच सांगतोय, नाव सांगत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एका रात्री नवऱ्याने दोन मुलांसकट तिला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. पाऊस होता. माहेर लांब, गाडी नाही, हातात पैसे नाहीत. ती शेजारच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसली. शेजारणीने दार उघडलं, काही विचारलं नाही, एक गोधडी आणि दोन पोती आणून टाकली. अकरा रात्री ती त्या ओसरीवर झोपली. दिवसा आपल्याच घराच्या अंगणातून पाणी भरायची. बाराव्या दिवशी सासू परगावाहून आली आणि तिने दार उघडायला लावलं. “मुक्कामाला आलेल्यांची झोपायची जागा विचारली होती ना? मी मुक्कामालाच होते. म्हणून म्हटलं ओसरी.”

आम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर हप्ते भरतोय. आम्हाला माहीत नव्हतं. ती शेजारीण आता नाही. तिच्या मुलाने घर नवीन बांधलं, त्याला ओसरी नाही. गावात बहुतेक नव्या घरांना नाही. लोखंडी जाळीचं दार आणि आत टाइल्स. आज कुणाला तसं बाहेर काढलं तर ती बसणार कुठे, हा प्रश्न त्या दुपारी सगळ्यांच्या मनात आला, आणि कुणीतरी तो बोलूनही दाखवला.

तेव्हा जे आम्ही शोधून काढलं ते थोडक्यात सांगतो, कारण ऐकणारीला उपयोग होईल. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की बाई ज्या घरात नवऱ्याबरोबर संसार करते तिथे राहायचा तिला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो नसो. तिला बाहेर काढलं तर मॅजिस्ट्रेट तिला परत घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतो. म्हणजे काकीला ओसरीवर झोपायची वेळ आणणं हे तेव्हाही चूक होतं, आज ते कायद्याच्या विरुद्ध आहे. त्या रात्रीपुरतं जायचं कुठे, तर सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. १८१ हा नंबर फिरवायचा, त्याला पैसे लागत नाहीत. शहरात नोकरीला जाणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहं बांधायची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. आमच्यातल्या एकीची मुलगी नर्सिंगला लागणार आहे, तिच्यासाठी आम्ही चौकशी चालवली आहे. अजून जागा मिळालेली नाही. यादी मोठी आहे आणि खाटा थोड्या.

आणि घराचा उतारा. महाराष्ट्रात २००३ पासून ‘घर दोघांचे’ असा शासनाचा निर्णय आहे, की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. आम्ही ठरवलं, पुढच्या रविवारी प्रत्येकीने आपल्या घराचा कागद आणायचा, घरपट्टीची पावती तरी आणायची. चौदांपैकी अकरा जणींनी आणला. तिघींचं नाव निघालं. त्यांतल्या एकीला स्वतःलाच ते माहीत नव्हतं, ती पावती पुन्हा पुन्हा बघत होती. दोघींच्या घरी कागद मागितल्यावर भांडण झालं. एकीच्या नवऱ्याने विचारलं, “कशाला हवाय?” ती म्हणाली, “शब्दकोड्यासाठी.” खोटं नव्हतं ते.

काकीचा उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे जाऊन वीस वर्षं झाली. आधी वारस लावावे लागतील, मग पुढचं. त्याचे अर्ज आमची बीएवाली लिहून देणार आहे. काकीने तिला सांगितलंय, पेनाने लिही, पण आधी पेन्सिलीने लिहून बघ.

त्या जुन्या पुरवणीतलं कोडं अजून आमच्या वहीत आहे. एक उभा शब्द राहिलाच आहे, पाच अक्षरी, दुसरं अक्षर ‘ळ’. धागा आहे ‘जागरणाचा परिणाम’. कुणाला सुचला तर कळवा.